बू रुमिनींची उड्यांची चटई

गावात सगळे त्यांना बू रुमिनी म्हणतात. बू म्हणजे बाई. इंडोनेशियातल्या क्लातेन शहराजवळच्या त्यांच्या बालवाडीत विकतचं खेळणं क्वचितच दिसेल. करवंट्यांत दोऱ्या ओवून त्यांनी पायाच्या बोटांत धरून चालायच्या घोड्या केल्या, जुन्या टायरांचा बोगदा केला. मुलांचे हातपाय मोकळे व्हावेत, एवढाच ध्यास. "भंगारवाल्याच्या आधी आपल्या बाई पोचतात," असं लोक हसून म्हणतात.

यंदा केलेली उड्यांची चटई मात्र वेनिंगसाठी होती. ही पोर चालताना सारखी पडायची. आई परदेशी कामाला, आणि आजी, म्बाह पैनेम, तिला कडेवरून खाली ठेवत नसे.

"पोर माझ्या भरवशावर टाकलीय. इथं गुडघे फोडण्यापेक्षा घरी बसेल."

"खेळाच्या दिवशी एकदा बघायला या, म्बाह. मग ठरवा."

बाईंनी जुन्या फलकाचं कापड उलटं करून त्यावर लंगडीची घरं रंगवली, खाली सावरीचा कापूस भरला. वेनिंगची उडी पोचेना, तेव्हा घरं पुसून जवळ आणली. हळूहळू पोर शेवटपर्यंत उड्या मारू लागली.

खेळाच्या दिवशी मान म्हणून म्हाताऱ्या मंडळींना बाईंनी चटईला लागूनच बसवलं. वेनिंग पुढे आली, थबकली. मग कमरेत वाकून, उजवा हात खाली सोडून, हळूहळू चालत पलीकडे गेली.

"बाई, ही उडी म्हणायची की बदकाची चाल?" एक आई हसली.

"बघितलंत?" म्बाह म्हणाली. "पायात जोरच नाही. उद्यापासून नाही पाठवायची मी."

बाईंनी पुढच्या मुलाला, बागासला बोलावलं. हा तर कुंपणावर चढणारा. तोही वाकून चालत गेला! तेव्हा कुठे बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला.

"म्बाह, चूक माझी. मोठी माणसं बसली असली की पुढून वाकून जायचं, हे मीच यांना रोज शिकवते. आता उड्या कशा मारतील?"

"मग आम्ही उठून घरी जायचं?"

"छे! खेळायला या. खेळात कुणी मोठं नसतं."

"आणि हाड मोडलं तर?"

"खाली कापूस आहे."

म्बाहनं कुरकुरत लुंगीसारखं नेसलेलं वस्त्र वर खोचलं. एका पायावर पहिलं घर गाठलं, दुसऱ्यात तोल गेला आणि दुसरा पाय टेकला.

"म्बाह बाद!" वेनिंग किंचाळली. "आता माझी पाळी!"

ती उड्या मारत निघाली. शेवटच्या घरात धप्पकन बसली. म्बाहचे हात पुढे झाले, पण मध्येच थांबले. वेनिंग आपली आपण उठली, ढुंगण झाडत हसली.

निघताना म्बाह बाईंजवळ आली.

"ती मधली घरं जरा जवळ घ्या."

"वेनिंगसाठी?"

"तिला कशाला? माझ्यासाठी. उद्या हिला घेऊन येईन, तेव्हा पुन्हा पहिल्या घरापासून खेळायचंय मला."

बाईंनी रंगाचा डबा उघडला.