शेगडीखाली झाकलेला ताप

धाकटी बहीण बाळंतपणाला माहेरी आली होती, राजूरजवळच्या आमच्या गावी. मी तेव्हा मंठ्याला शाळेत शिकवत होते. रजा काढून घरी पोचले, तेव्हा बाळंतिणीची खोली धुरानं कोंदलेली होती. बाजेखाली शेगडी, तिच्यात ओवा आणि बाळंतशेपा. खिडकी बंद, बहिणीच्या कानाला फडकं. तिच्या कपाळाला हात लावला तर चटकाच बसला.

"आई, हिला ताप हाय."

"ताप कायचा? शेकून राह्यलो ना आपण. बाळंतिणीचं अंग गरमच पाहिजे."

शेगडीनं ताप झाकला, धुरीनं वास झाकला, उरलंसुरलं लाजेनं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात. ही म्हण काढणाऱ्याला त्या खोलीत नेऊन बसवायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तिचं डोकं ठणकायला लागलं. मान वाकेना. बाळ जवळ दिलं तर म्हणाली, "हे कोनाचं?" आणि दुपारी झटके आले. शेजारणी म्हणाल्या, बाहेरचं लागलं. एकीनं तर तिच्या नाकाला चप्पल लावली. मी आरडाओरडा करून जीप मागवली आणि तिला जालन्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी आईला नीट विचारलं होतं. अंगावरून जाणं कसं आहे? वास येतो का? निरोप मिळून आलेले जावई, बहिणीचे यजमान, शेजारी उभे होते. आईनं पदर पुढं ओढला आणि म्हणाली, "समदं बराबर हाय." मी बाळ घेऊन दारात होते. मलाही ते खरं वाटलं. मग डॉक्टर मेंदूच्याच तापावर औषधं देत राहिले.

संध्याकाळी मी बहिणीचं कापड बदललं. इथं धुरी नव्हती. कापडाला कुजका वास येत होता. मी आईकडं वळले.

"घरी पण येत व्हता का गं हा वास?"

"येत व्हता. मंग जावयासमोर कसं सांगू, माय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच उठले आणि डॉक्टरांना सगळ्यांदेखत सांगितलं, जावयांदेखतही. जावई भिंतीकडं बघत राहिले. डॉक्टर माझ्यावरच खेकसले. म्हणाले, हे जंतू एरवी बाईच्या अंगातच असतात, कुणाचं काही बिघडवत नाहीत. पण गर्भपिशवीत काही राहिलं, सडलं, की क्वचित ते रक्तात उतरतात आणि रक्तातून मेंदूच्या आवरणापर्यंत जातात. "हे आधी सांगायला काय झालं होतं?"

खरं होतं. पण जावयाला बाहेर घालवून विचारायला त्यांना तरी काय झालं होतं? तो राग मला आजही आवरत नाही.

पिशवी साफ केली, औषधं बदलली. बहीण वाचली. कान मात्र दोन्ही गेले. मेंदूच्या तापात जातात, डॉक्टर म्हणाले, आणि ते परत येत नाहीत. सासरी न्यायला कुणी आलं नाही. ती आमच्याच अंगणात राहिली. तिच्या पाठीमागं बाळ रडून लालबुंद व्हायचं आणि ती आपली ज्वारी पाखडत बसायची.

मग आई ओट्यावरून तिला हाका मारायची. दवाखान्यात जिच्या तोंडून एक खरा शब्द फुटला नाही, ती आई. तिच्या हाका सगळ्या गल्लीला ऐकू जायच्या.