गोपीनाथांचा बिनविजेचा रेडिओ

आमच्या ठाण्याच्या घरी वर्षाचं मीठ कळव्याचे गोपीनाथ आणून देत. गोणी ओसरीवर टेकवली, की ते लगेच परत फिरत नसत. घरातल्या वस्तूंच्या पोटात काय आहे, हे बघितल्याशिवाय त्यांचा पायच निघत नसे. भिंतीवरचं घड्याळ, माझं शिवणाचं मशीन, सगळ्यांची चौकशी झालेली. विजेच्या मीटरपाशी उभं राहून एकदा त्यांनी मला विचारलं, "वहिनी, वापरलेली वीज मंग जाते कुठं?" कॉलेजात दोन वर्षं पदार्थविज्ञान शिकूनही मला हा प्रश्न कधी पडला नव्हता.

त्रेपन्न सालच्या उन्हाळ्यात माझ्या दिरांनी, मधुभावोजींनी, मोठा रेडिओ घेतला आणि स्वतः जुळवलेला क्रिस्टल सेट, म्हणजे खड्यावर चालणारा छोटा रेडिओ, माळ्यावर टाकला. गोपीनाथांनी तो मागून घेतला.

"याला वीज नाय लागत?" त्यांनी तीनदा विचारलं.

"वीज नाही, बॅटरी नाही," भावोजी म्हणाले. "उंच बांधलेली तार हवेतल्या लहरी पकडते. हा खडा त्यातून आवाज वेगळा काढतो. आणि ही दुसरी तार जमिनीत पुरायची. जागा मात्र कायम ओली हवी, नाहीतर आवाज उमटायचा नाही."

एवढ्या शिदोरीवर गोपीनाथ गेले, आणि पंधरा दिवसांनी आमंत्रण घेऊनच आले. त्यांचा मेव्हणा भिवा दिवा गावच्या भजनी मंडळात गायचा. शनिवारी संध्याकाळी साडेसहाला ते मंडळ मुंबई केंद्रावर गाणार होतं, फक्त दहा मिनिटं. भिवाची आई कमळाबाई लेकाचं गाणं ऐकायला दिव्याहून जावयाकडे येणार होती.

"सासूबायला शब्द देऊन बसलोय," गोपीनाथ म्हणाले. "लग्नाला बारा वर्षं झाली, पन मला ती अजून अर्धवटच समजते. शनवारी डबा नाय बोलला, तर पुढली बारा वर्षं हेच आयकायचं."

शनिवारी मी आणि भावोजी साडेपाचला त्यांच्या कळव्याच्या घरी पोचलो. तार नारळाला बांधली होती, सेट पाटावर ठेवला होता. हेडफोन एक आणि ऐकणारे वीस, म्हणून गोपीनाथांनी तो रिकाम्या तांब्याच्या हंड्यात सोडला होता. हंड्यात आवाज घुमतो, हे त्यांचं स्वतःचं डोकं! कमळाबाई हंड्यासमोर मांडी घालून बसल्या होत्या.

"काय जावयबापू, हंडा कवा गानार? का पानी भरू त्यात?"

अंगण हसलं. गोपीनाथांनी सेटची सुई खड्यावर इकडे टोचली, तिकडे टोचली. भावोजींनी हेडफोन हंड्यातून काढून कानाला लावला. दूर कुणी तरी कुजबुजल्यासारखं होत होतं, शब्द काही कळेना. त्यांनी तो परत हंड्यात सोडला. घड्याळात सहा वाजून गेले होते.

"जमिनीतली तार कुठे पुरलीत?" मी विचारलं.

"तुळशीत," गोपीनाथ अभिमानाने म्हणाले. "गावात तिच्याइतकी ओली जागा दुसरी नाय. आमची सखू आंघोल करून रोज तांब्याभर पानी घालते, एक दिस चुकत नाय."

वृंदावन खरंच देखणं होतं, कमरेइतकं उंच, ताज्या चुन्याचं. "बांधलं कुणी?"

"मीच की. तलाला फरशी, वर शिमीट. घूस शिरली तर नाव बदलीन!"

गोपीनाथ वृंदावनाकडे बघत राहिले, आणि मग त्यांनी हळूच कपाळाला हात लावला. "आयला! म्हंजे ही तर कुंडीच झाली. खाली जमिनीला वाटच नाय."

"दुसरी ओली जागा बघा," भावोजी म्हणाले. "पाण्यात खार असेल तर उत्तमच."

हे ऐकताच गोपीनाथ घरात धावले आणि मुठीत मीठ घेऊन तुळशीकडे वळले. त्यांची बायको सखुबाई आडवी आली. "खबरदार! तुलस जालशील? आनि फरशी काय मिठानं फुटनार हाय?"

"तुझ्या नवऱ्याला मिठाशिवाय काय सुचतच नाय," कमळाबाईंनी बसल्या जागेवरून टोमणा हाणला.

गोपीनाथांची मूठ तशीच राहिली. घरामागच्या बांधापलीकडे त्यांचंच मिठागर होतं, त्याच्या कोंडीत, पाणी अडवलेल्या वाफ्यात, गुडघाभर खारं पाणी. "वीस वर्षं ज्यात उभा राहिलो, तेच इसरलो," म्हणत त्यांनी तुळशीतली तार उपसली. ती पुरेना. सखुबाईंनी ओली लुगडी उतरवून वाळत घालायची तार सोडून दिली. तीही जोडली, तरी पाणी दोन हात लांबच! साडेसहाला पाच मिनिटं उरली होती. गोपीनाथ सरळ कोंडीत उतरले, तारेचं टोक ओल्या मुठीत धरलं आणि हात लांब करून उभे राहिले. माणसाचं अंग तरी काय, खारटच की! तारेतून आलेल्या लहरी त्यांच्या अंगातून पाण्यात उतरू लागल्या. (सेट बिनविजेचा म्हणून हे चाललं, विजेवरच्या रेडिओशी असला खेळ कुणी करू नये.)

हंडा एकदम खणखणीत बोलला, निदान आम्हाला तसं वाटलं. निवेदकाने मंडळाचं नाव घेतलं. मग टाळ, मृदंग, आणि भिवाचा आवाज.

कमळाबाईंनी डोकंच हंड्यात घातलं.

"आये, आमाला पन आयकू दे गो!" सखुबाई म्हणाल्या.

हंड्यातून उत्तर आलं, "गप ऱ्हा! माझा भिवा हाय."

बांधापलीकडून गोपीनाथ ओरडत होते, "येतंय का? हलू का नको?" आणि अख्खं अंगण एका सुरात दटावत होतं, "हलू नका!" दहा मिनिटं ते बगळ्यासारखे उभे होते. लेकाचा शब्द न् शब्द सासूला मिळाला, पण ज्याने हे घडवून आणलं त्याच्या कानावर त्यातलं अक्षरही पडलं नव्हतं.

गाणं संपल्यावर कमळाबाईंनी डोकं बाहेर काढलं. डोळे पुसत त्या बांधावर गेल्या. आता काय बोलतात म्हणून सगळे मागोमाग गेले.

"सोडा ती तार," त्या म्हणाल्या. "तुमी काय आयकलंच नसंल."

गोपीनाथांनी मान हलवली. म्हातारीने लुगड्याचा ओचा सावरला, बांधावरच बसकण मारली, आणि भिवाने गायलेला अभंग चिखलातल्या जावयाला पहिल्या ओळीपासून म्हणून दाखवला.