ती ढिली पडली नव्हती

ही गोष्ट मी पहिल्यापासून शेवटपर्यंत कुणाला कधी सांगितलेली नाही. आईला नाही, बायकोला नाही. मागच्या उन्हाळ्यात एकदा चार वाक्यांत बोलून टाकली — पण बोलून टाकणं म्हणजे सांगणं नव्हे. आज सांगतो. मधे मधे अडखळेन.

मी अकोल्याचा. गल्लीतल्या जिममध्ये लोखंड उचलत मोठा झालो आणि शारीरिक शिक्षणाच्या कोर्ससाठी अमरावतीला आलो. वेटलिफ्टिंगच्या टीममध्ये माझी निवड होणार याची मला इतकी खात्री होती, की घरी आधीच सांगून बसलो होतो. निवड झाली नाही. त्याच आठवड्यात उके मॅडमनी मला मैदानावर गाठलं. त्या चिअरलीडिंगची टीम बांधत होत्या आणि त्यांना मुलं मिळत नव्हती.

"खांदे चांगले आहेत तुझे," त्या म्हणाल्या. "लोखंड उचलतोस ना? आता माणूस उचलून पाहा."

मला हसू आलं. चिअरलीडिंग म्हणजे क्रिकेटच्या मॅचमध्ये चमचमीत कपड्यांत नाचणाऱ्या पोरी, एवढंच मला ठाऊक. पण गेलो. का गेलो? कुठल्या तरी टीममध्ये असायचं होतं, दुसरं काय.

आणि पहिल्याच दिवशी माझी जिरली. मॅडमनी वाळूचं पोतं दिलं आणि डोक्यावर धरून मैदानाला फेरी मारायला सांगितली. बारबेल सरळ वर जातो, पोतं कुठंही कलंडतं. अर्ध्यातच मनगटं थरथरायला लागली. फेक हातांतून येत नाही, मांड्यांतून येते — हे कळायलाच मला पावसाळा अख्खा लागला. मग पोत्याच्या जागी माणूस आलं. म्हणजे प्रांजली आली.

प्रांजली शेंदूरजनाघाटची. बापाचा संत्र्याचा बगीचा, लहानपण झाडांवर गेलेलं. उंचीची भीती तिला माहीतच नव्हती. आमच्या जोडीत मी 'बेस', म्हणजे खालचा. ती 'फ्लायर', वरची. ती माझ्याकडे पाठ करून उभी राहायची, उडी मारायची, मी कमरेला धरून तिला वर फेकायचो आणि तिच्या पायांचे तळवे माझ्या खांद्यांपाशी झेलायचो. तिथून दोन्ही हात सरळ वर. मग ती आभाळात आणि मी तिच्या खाली. तोल गेला, की फ्लायरनं अंग ताठ ठेवायचं, ढिलं पडायचं नाही, आणि बेसनं तिच्या खाली शिरायचं. मॅडमचा नियम एकच होता: वरची जमिनीला लागण्याआधी तू तिच्या खाली असला पाहिजेस. नाक फुटलं तरी चालेल.

माझं नाक एकदा फुटलं होतं, सरावात, तिच्या कोपरानं. रक्त आलं, सगळे हसले, मीही हसलो. पण त्यानंतर ती तोल सावरायला जरा हलली, की माझी मान आपोआप मागे जायची. हे मी मॅडमना सांगितलं का? नाही. आडदांड गडी, पन्नास किलोच्या पोरीच्या कोपराला भितो — कसं सांगणार?

मग आमचा कार्यक्रम अकोल्यात ठरला. एका कॉलेजचं गॅदरिंग, भरलेलं मैदान, संध्याकाळचं ऊन. घरी मी अजून वेटलिफ्टिंगच करतो असंच सांगत होतो. आणि प्रांजली वर उभी असताना, माझे हात पूर्ण ताणलेले असताना, डावीकडून आवाज आला —

"अबे सुमेध! तू नाचनारा कवा झाला बे?"

जिममधली जुनी पोरं. शिट्ट्या. मी तिकडे पाहिलं.

पाहायचं नसतं. नजर वरच्या माणसावरून हलवायची नसते, हे पहिल्या दिवसाचं शिक्षण. मी पाहिलं, माझा उजवा हात खाली आला आणि ती पुढे कलंडली. इथपर्यंत चूक म्हणता येईल. चूक कुणाकडूनही होते. पण पुढचं — पुढचं मी कित्येक वर्षं सांगितलं नाही ते हे. ती पडताना मला दिसली. नीट दिसली. अंग ताठ ठेवून, शिकवल्याप्रमाणे, माझ्या भरवशावर ती येत होती. खाली शिरायला वेळ होता. आणि मी एक पाऊल मागे सरकलो.

नाकाच्या भीतीनं? त्या पोरांसमोर पोरीखाली चेंगरलेला दिसू नये म्हणून? खरं सांगतो, दोन्ही कारणं होती, आणि दोन्ही सारखीच हलकी.

मागे सांभाळायला उभा असलेला मुलगा तिच्याकडेच पाहत होता, माझं पाऊल त्याला दिसलं नाही. तिचा कोपर मोडला. दवाखान्याच्या व्हरांड्यात उके मॅडमनी मला विचारलं, "काय झालं रे नेमकं?"

"मॅडम, वर ती ढिली पडली," मी म्हणालो.

इतकंच. एवढंच वाक्य. नंतर प्लास्टर घातलेल्या प्रांजलीलाही तेच सांगितलं. ती म्हणाली, "असंन बा. मले तर कायीच आठवत नाई." आणि वरून म्हणाली, "तू दिवसभर बसून राहिला इथं. बाकीचे तर गेले."

हे तिनं लक्षात ठेवलं. मी बसून राहिलो, हे. ती पुन्हा कधी वर चढली नाही. "माह्यं अंगच बेभरवशाचं हाये," म्हणायची. कोर्स पुरा केला, मुलींना शिकवायला लागली.

मी? मी त्यानंतर वेड्यासारखा सराव केला. चांगला बेस झालो. घरीही सांगितलं, बापानं एकदा येऊन पाहिलं, रुसला नाही. पुढे अमरावतीतच राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या वर हॉल घेतला आणि मुलांना शिकवायला लागलो. मुलींसाठी कोच हवी होती. विचारलं, तर प्रांजली लगेच आली. नव्या पोरांना माझी ओळख करून द्यायची, "हे सर दवाखान्यात एकटेच बसून होते माह्याजवळ." मी पाणी प्यायला म्हणून बाहेर जायचो.

आणि मुलींना ती काय शिकवायची? "पडल्या तं पयले सोताले इचारा, मी ढिली पडली का? मी पडली होती. माह्यी चूक होती." माझं खोटं ती पोरींना धडा म्हणून देत होती. मी ऐकत होतो. वर्षभर ऐकलं — आता बोलू, उद्या बोलू. उद्या कशाला हवा होता मला?

मागच्या उन्हाळ्यात तनुजा पडली. आमच्याकडची सगळ्यात लहानखुरी फ्लायर. गादीवर पडली, ओठ फुटला, बाकी काही नाही. तिचा बेस अनिकेत — उंच, गुणी, घाबरट पोरगा. तो मागे सरकलेला मी समोरून पाहिला होता.

"काय झालं?" प्रांजलीनं विचारलं.

ओठावर रुमाल धरून तनुजा म्हणाली, "सॉरी मॅडम. मीच ढिली पडली."

अनिकेत मान खाली घालून उभा होता. त्याचे खांदे सैल झालेले मला दिसले. सुटलो, असं वाटताना खांदे कसे होतात ते मला माहीत आहे.

"शाबास," प्रांजली म्हणाली. "आपली चूक आपन कबूल कराव. मीबी अशीच —"

"प्रांजली, तू ढिली पडली नव्हती."

माझाच आवाज होता. मी म्हणालो, "माझं लक्ष दुसरीकडे गेलं. तू पडताना मला दिसली. मी मागे सरकलो. आणि खोटं सांगितलं."

तिनं दोनच गोष्टी विचारल्या.

"तुले दिसून राहिली होती मी?"

"हो."

"अन् तू मांगं सरकला."

"हो."

तिनं पोरींना घरी पाठवलं, पिशवी उचलली आणि जिना उतरून गेली. त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर अनिकेत परत आला. दारातूनच म्हणाला, "सर, मीबी सरकलो होतो." मी त्याला रागावलो नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं हे तनुजाला सांगितलं, सगळ्यांसमोर. ती म्हणाली, "मंग काल काहून नाई बोल्ला?" आणि थोड्या वेळानं पुन्हा त्याच्यासमोर पाठ करून उभी राहिली.

प्रांजली बरेच दिवस आली नाही. मी फोन केला नाही. काय म्हणणार होतो? एक दिवस ती आली, माझ्याकडे न पाहता मुलींना गोल बसवलं.

"मी तुमाले चुकीचं शिकवून राहिली होती," ती म्हणाली. "आता पोरगी पडली तं पयले पोरगा बोलनार. मंग आपन."

तेव्हापासून आमच्याकडे तसंच चालतं. पोरं आधी बोलतात. सुरुवातीला लाजायची, आता पटकन सांगून मोकळी होतात — "माझं मनगट वाकलं", "मला भीती वाटली". भीती वाटली हे बोलून दाखवणारा पोरगा पुढच्या वेळी खाली शिरतो, हे मला या पोरांनी शिकवलं.

दिवाळीच्या सुट्टीआधीची गोष्ट. सराव संपत आला होता. प्रांजलीनं चपला बाजूला काढल्या, केस बांधले.

"अनिकेत, उचलशीन?"

मी पुढे झालो. तिनं हातानंच मला थांबवलं. "तू नाई. तू मांगं उभा राय."

मी मागे उभा राहिलो. अनिकेतनं मांड्यांतून जोर घेतला, तिला फेकलं, तळवे झेलले. फक्त खांद्यापर्यंत. ती पुढे कलंडली — आणि पोरगा सरळ तिच्या खाली शिरला. दोघं गादीवर धपकन बसले. तिचा गुडघा त्याच्या हनुवटीला लागला होता.

"सर, माझा डावा हात खाली गेला," तो हनुवटी चोळत म्हणाला.

"पायलं मी," प्रांजली म्हणाली. "पुन्ना."

दुसऱ्यांदा ती उभी राहिली. पोरी ओरडायला लागल्या, तनुजा सगळ्यात जोरात. ती किती वेळ वर होती मला सांगता येणार नाही.

तिनं मला माफ केलं का, ते मला माहीत नाही. ती बोललेली नाही, मी विचारलेलं नाही आणि विचारणार नाही. त्या दिवशी खाली उतरल्यावर ती हसत होती. माझ्याकडे पाहून नव्हे. पण हसत होती.