दारापाशी बसलेले दोन भाऊ

विहीर सामाईक होती, पण मोटारीच्या पेटीला कुलूप तात्यांचं होतं. तात्या म्हणजे माझे चुलते, दादांचे थोरले भाऊ. आणि दादा म्हणजे माझे वडील. आजोबा गेल्यावर वाटणी झाली, विहिरीत निम्मा हिस्सा आमचा लागला. मग एका उन्हाळ्यात कशावरून तरी बोलाचाली झाली आणि तात्यांनी पेटीला कुलूप घातलं, विहिरीवर आमचं जाणंच बंद झालं. कशावरून, ते आज दोघांनाही धड सांगता येत नाही. कुलूप मात्र राहिलं.

आमच्या पाथर्डीच्या अंगाला पाणी नसलेलं रान म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. पाऊस झाला तर बाजरी, नाहीतर तीही नाही. कांदा गेला, घास गेला, मग घासाविना गाय गेली. दसरा झाला की आई-दादा कोयता घेऊन ऊसतोडीच्या गाडीत बसायचे आणि मी तिसगावला मावशीकडे राहून शाळा शिकायचे. उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीतल्या चुलीपुढं आई पहाटे भाकरी थापता थापता प्रार्थना म्हणायची. टोळीतल्या बाया तिला चिडवायच्या, "अगं, तुझ्या देवाला जरा मोळ्या उचलायला बोलाव की!" आई म्हणायची, "तोच उचलतोय. माझ्या एकटीच्यानं उचलत्यात व्हय?" हे ती अजून हसत हसत सांगते. मला त्यात हसण्यासारखं कधी काही दिसलं नाही. ज्या माणसाच्या हक्काचं पाणी घरापासून हाकेच्या अंतरावर आहे त्यानं दुसऱ्याच्या रानात ऊस का तोडायचा, एवढंच मला दिसायचं.

मी शिकले. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. आमच्या दोन्ही घरांत पदवी घेणारी मी पहिली. नगरच्या कॉलेजातून बी.ए. झाले आणि घरी येऊन पहिलं काम हातात घेतलं ते विहिरीचं. दादांना म्हटलं, दावा लावायचा.

"सख्ख्या भावाला कोर्टात वढायचं?"

"तुम्ही नका ओढू. मी ओढते."

मी ओढलं. वकील शोधला, तारखांना दादांना घेऊन गेले, जे त्यांना वाचता येत नव्हतं ते वाचून दाखवलं. दावा खरा होता. आजही कुणी विचारलं तर हेच सांगेन.

आता आमच्या मंडळीची एक रीत सांगायला हवी, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या गावात ख्रिस्ती घरं थोडी. पत्र्याचं छोटं चर्च, आत सतरंज्या. पाळकसाहेबांकडं आजूबाजूची बरीच गावं, त्यामुळे ते आमच्याकडं महिन्यातून एकदा येतात आणि त्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे प्रभूच्या आठवणीत सगळ्यांनी एक भाकर वाटून खायची. भाकर म्हणजे गव्हाच्या पोळीचे तुकडे. पोळी आमची आई करते. आदल्या दिवशी तवा घासून ठेवते आणि त्या सकाळी ती पोळी झाल्याशिवाय घरात दुसरं काही शिजत नाही. रीत अशी, की ज्याचं भावकीत वैर आहे त्यानं त्या दिवशी पुढं बसायचं नाही आणि भाकर घ्यायची नाही. त्यानं मागं, दारापाशी बसायचं. कुणी कुणाला उठवत नाही. ज्याचं तो जाणतो.

दादा ढोलकी वाजवतात. भजनं संपेपर्यंत ते पुढं असायचे. पाळकसाहेब भाकरीवरचं फडकं काढायला लागले की दादा ढोलकी बाजूला ठेवायचे आणि मागं जाऊन दाराच्या डाव्या अंगाला बसायचे. उजव्या अंगाला तात्या आधीच बसलेले असायचे. वर्षानुवर्षं हेच. मंडळीतली एक म्हातारी तर तोंडावर म्हणायची, "बरं झालं बाई, आपल्या चपला काय चोरीला जात न्हाईत. दोन दोन राखणदार हायेत."

बायका हसायच्या. आई नाही हसायची. स्वतःच्या हातानं केलेली पोळी मंडळीनं खायची आणि नवऱ्यानं नाही, हे तिला लागायचं.

तर एका शनिवारी वकिलांनी मला सांगितलं, की समोरच्या बाजूकडं बोलायला काही उरलेलं नाही, पुढच्या तारखेला निकाल, आणि तो आपल्याच बाजूनं. मी एसटीतून उतरले ती जवळजवळ पळतच घरी आले. आईला मिठी मारली. दादा अंगणात ढोलकीच्या दोऱ्या ओढत होते.

"दादा, जिंकलो आपण!"

दादांनी ढोलकीवर एक थाप मारून पाहिली. "तात्याला ठावं हाय का?"

"त्यांचा वकील कशाला सांगेल? हरणारा कधी सांगतो का?"

"हं," म्हणाले आणि पुन्हा दोरी ओढायला लागले. एवढंच. मला वाटलं, आनंद दाखवायची सवय नाही माणसाला.

दुसऱ्या दिवशी प्रभुभोजनाचा रविवार. पाळकसाहेबांचा संदेश होता, सगळ्या मनानं देवावर प्रीती करण्याचा. ते शिकलेल्यासारखं बोलत नाहीत, बाजारात बोलावं तसं बोलतात. म्हणाले, "सगळं मन म्हंजे सगळं. तुम्ही घोडेगावच्या बाजारात म्हैस घ्यायला गेला आन् विकणारा म्हणाला, म्हैस घेऊन जा पण मागचे दोन पाय माझ्याकडं राहतील, तर घ्याल का?" पोरं खिदळली. मीही हसले. मग भजन झालं, फडकं निघालं, दादा ढोलकी ठेवून मागं गेले. नेहमीचंच. मी बायकांच्या बाजूला आईशेजारी बसले होते आणि माझ्या मनात पाण्याचे पाट वाहत होते.

पाळकसाहेबांनी भाकर हातात घेतली आणि मागं काहीतरी हललं. वळून पाहिलं तर दादा उठून उभे. मला वाटलं, बाहेर चालले. ते बाहेर गेले नाहीत. दारासमोरची चपलांची रांग ओलांडून पलीकडं गेले, तात्यांच्या पुढ्यात खाली बसले आणि त्यांच्या पायांवर हात ठेवले.

आमच्यात कुणी कुणाच्या पाया पडत नाही. मी तरी दादांना कुणाच्या पाया पडताना पाहिलं नव्हतं. पाळकसाहेबांचा हात भाकरीसकट तसाच वर राहिला.

"तात्या," दादा म्हणाले, "कोर्टात वढलं तुला, चुकलं माझं. इहिरीपायी रोज तुझं वाईट चिंतत हुतो, तेबी चुकलं. दावा काढून घेतो मी. इहीर तू वापर. माझं आता तुझ्यावर काय न्हाई."

खरंच सांगते, मला आधी ते शब्द कळलेच नाहीत. काढून घेतो? काय काढून घेतो? काल सांगितलं ना मी?

तात्यांनी पाय मागं ओढले. मग ते मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "हरनार म्हनून कळलं वाटतं? लेक बी.ए. करून आनली, तरी कोर्टात डाळ शिजंना व्हय रं?"

दोघं-तिघं हसले. मी उठायला गेले. आम्ही जिंकलोय, एवढे दोनच शब्द ओरडायचे होते मला. आईनं माझं मनगट धरलं. ऊस तोडलेला हात तो; धरला की सुटत नाही. माझ्याकडं न बघता हळूच म्हणाली, "बोलू नगंस. त्येचं हाय ते."

दादांनी मान वर केली. आता तरी सांगतील, असं मला वाटलं. ते म्हणाले, "तुला काय समजायचं ते समज, तात्या. मला ती भाकर पायजे."

तात्या उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. दादा चर्चच्या मधोमध चालत पुढं आले आणि ओंजळ पसरली. पाळकसाहेबांनी त्यांच्या हातावर तुकडा ठेवला तेव्हा आई रडत होती. मी नाही रडले. मला त्या दिवशी भाकर घ्यावीशीच वाटली नाही.

घरी आल्यावर मी तोंड सोडलं. "आता काय प्यायचं आपण? तुमचं मन?"

"टँकर येतोय की," आई म्हणाली.

"तू गप्प बस. दादा, त्यानं भर मंडळीत तुमचं हसं केलं. माझं केलं."

दादा खाली बघत म्हणाले, "पोरी, तितं दारात बसून मी हात जोडायचो. त्वांडानं म्हनायचो 'प्रभू', आन् समोर तात्या दिसला की मनात म्हनायचो 'बघतोच तुला'. किती वर्सं आसं करायचं? ती म्हैस ऐकलीस न्हवं? दोन पाय माझ्याचकडं हुते."

"मग जिंकल्यावर सोडायचं होतं! निदान त्याला कळलं तरी असतं!"

"जिंकल्याचं सांगून पाया पडलो आसतो, तर ते पाया पडनं नसतं झालं. छातीवर बसून पानी पाजल्यासारखं झालं असतं."

मला मात्र ते पटलं नाही.

त्याच आठवड्यात आम्ही पाथर्डीला गेलो. वकीलसाहेब खुर्चीतून उठले. "अहो, ताट वाढलंय आणि तुम्ही उठून चाललात? बाई, तुम्ही शिकलेल्या, तुम्ही सांगा यांना." मी काय सांगणार? मी खिडकीबाहेर बघत राहिले. दादांनी सही केली. सही करायला मीच शिकवली होती त्यांना, दाव्यासाठी.

तो उन्हाळा वाईट गेला. विहिरीत पाणी होतं, तात्यांचा कांदा हिरवागार होता, आणि आम्ही टँकरमागं हंडे घेऊन पळत होतो. दादा रोज सकाळी तात्यांच्या बांधावरून जायचे आणि आमच्या ख्रिस्ती रीतीप्रमाणं त्यांना "सलाम" घालायचे. तात्या तोंड फिरवायचे. पुढच्या प्रभुभोजनाला दादा पुढंच बसले. दाराच्या उजव्या अंगाला तात्या एकटे. डावीकडं कुणी नाही.

मग एका बाजाराच्या दिवशी तिसगावात तात्यांना त्यांचाच वकील भेटला आणि म्हणाला, नशीबवान आहात, तुमच्या भावानं वाचवलं, नाहीतर निकाल तुमच्या विरुद्धच होता. हे आम्हाला कळलं ते तात्या आमच्या अंगणात येऊन ओरडायला लागले तेव्हा. भर दुपारची वेळ. चपला पायात, हातात बाजाराची पिशवी.

"भाईर ये! भीक घातलीस मला? आं? धाकटा असून मला भीक घालतूस?"

दादा बाहेर आले. "भीक न्हाई, तात्या."

"मग सांगितलं का न्हाईस? मी तितं, त्या चर्चात, लोकांपुढं काय काय बोललो तुला! तुझ्या लेकीला बोललो! आन् तू गप बसलास?" बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला. ते संतापलेत की काय झालंय, मला कळेना. तात्यांना मी कधी असं पाहिलं नव्हतं. ते ओट्यावर बसले आणि पिशवीवर डोकं टेकून रडायला लागले. एवढा मोठा माणूस, हुंदके देत. दादा त्यांच्या बाजूला बसून राहिले. पाठीवरून हातसुद्धा फिरवला नाही, नुसते बसले.

आईनं चहा ठेवला. आमच्या घरचा चहा तात्यांनी कुलूप लावल्यापासून घेतला नव्हता. कप हातात घेतला, फुंकर घातली, आणि नाक ओढत म्हणाले, "साखर कमी हाय."

"वाढवते की," आई म्हणाली.

"ऱ्हाऊ दे." घोट घेतला. मग जमिनीकडं बघत म्हणाले, "उद्यापास्नं तीन दिस मोटार तुझी, तीन दिस माझी."

"आन् रविवारी?" मी विचारलं. मला राहवलं नाही.

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं, कित्येक वर्षांत पहिल्यांदा. "रविवारी कशाला पायजे गं मोटार? उपासनेला जायचं न्हाई का? बी.ए. झालीस तरी येवढं कळंना?"

हा टोमणा मी गोड मानून घेतला.

मी अजूनही हक्क सोडणाऱ्यांतली नाही. दादांनी जे केलं ते माझ्यानं झालं नसतं, आणि त्यांच्यानं ते कसं झालं याचा धक्का माझ्या मनातून पुरता गेलेला नाही. आज दोन्ही घरांच्या रानात पाणी आहे, आई-दादांची ऊसतोड सुटली आहे, आणि प्रभुभोजनाच्या रविवारी आमच्या चर्चमध्ये दारापाशी कुणी बसत नाही.