‘येथील एक प्रतिष्ठित गृहस्थ’
चौऱ्याण्णव साली विद्यापीठाच्या नामांतराची बातमी रेडिओवर लागली आणि उमादेवींना आठवला तो शाईचा वास. एवढी मोठी बातमी, आणि जुळवायला छपाईचे खिळे नाहीत! सेलूच्या मोंढ्यामागची छापखान्याची खोली जाऊन आठ वर्षं झाली होती, तरी त्यांचा जीव तिथेच घुटमळायचा.

काय दिवस होते ते! नवरा, ईश्वरअप्पा, साप्ताहिक काढायचे. खिळे उमादेवी जुळवायच्या. कालव्याचं पाणी कुणाच्या उसाकडे वळलं, बाजार समितीची निवडणूक कुणाच्या बैठकीत ठरली, अप्पा सायकलवर फिरून सगळं हुडकून आणायचे. फक्त बड्या माणसाचं नाव छापायचं नाही, हा तालुक्यातल्या पत्रकारांचा रिवाज. नावाच्या जागी ‘येथील एक प्रतिष्ठित गृहस्थ’. हे शब्द दर अंकाला लागायचे, म्हणून उमादेवींनी ते जुळवून, दोऱ्याने बांधून कायमचे तयारच ठेवले होते.

शहाऐंशी साली दिनकररावांच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला असलेल्या कुसुमबाईचा उजवा पंजा यंत्रात गेला. बाई घरी पडली, असं मालकाने कागदोपत्री करून घेतलं. अप्पांनी दहा दिवस पायपीट केली, हजेरीपट मिळवला, बायांना बोलतं केलं आणि बातमी छापली. गावभर वाहवा झाली. अप्पांचे पाय जमिनीला लागेनात.

तिसऱ्या दिवशी कुसुमबाई छापखान्यात आली. लेकीने तिला अंक वाचून दाखवला होता. डाव्या हाताने तो पुढे करत ती म्हणाली, “अप्पा, माजं नाव, नवऱ्याचं नाव, गल्ली, समदं छापलंत. मालकाचं कुटं हाय?”

अप्पांना तोंड लपवायला जागा उरली नाही. उमादेवींना तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. जुळवणाऱ्या त्याच होत्या ना! त्यांनी तो दोरा सोडला, खिळे ज्याच्या त्याच्या खणात टाकले आणि पुढच्या अंकात दिनकररावांचं नाव जुळवलं, वडिलांच्या नावासकट.

अंक निघाला त्याच दिवशी दिनकरराव स्वतः आले. खोली त्यांच्याच मालकीची. आवाज मात्र साखरेत घोळलेला.

“अप्पा, छपाईत चूक झाली, एवढं छापा. लय जुना घरोबा हाय आपला. खोली तुमचीच ऱ्हाईल.”

अप्पांनी खिळ्यांच्या खणांकडे पाहिलं. सोळा वर्षांचा छापखाना! उमादेवींनी शाईचे हात पदराला पुसले.

“चूक झालती, मालक,” त्या म्हणाल्या. “पण मागच्या अंकात. ह्या अंकात आमी ती सुधरली.”