दात दाबून बोलणारा दिवाकर

दिवाकर गेल्याचं मला घरच्या कोणी कळवलं नाही. मोबाइलवर कुठल्याशा नाटक कंपनीच्या ग्रुपमधून फिरत फिरत ते आलं. खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि वर त्याचा फोटो... डोळे वटारलेले, मिशा पिळलेल्या, गालावर रंगानं काढलेला जखमेचा वण. माणूस मेला तरी यांना त्याचा एक साधा फोटो मिळू नये, याचा मला आधी रागच आला. मग त्याच्या बायकोला, सुनंदावहिनींना, फोन लावला. ‘हो भाऊजी, सकाळीच गेले,’ एवढंच त्या म्हणाल्या. जवाहरनगरहून पवनीला मी कसा पोचलो ते मला धड आठवत नाही. या गोष्टीला आता दोनेक महिने होत आले.

आम्ही दोघं बरोबरच जवाहरनगरच्या दारूगोळा फॅक्टरीत लागलो. सेक्शन एक, क्वार्टर समोरासमोर. काम असं की चित्त ढळू द्यायचं नाही, मग गप्पा कुठल्या? दिवाकरला नेमकं तेच सोसवत नसे. ड्यूटी सुटून बसमध्ये बसला रे बसला की त्याचं सुरू व्हायचं आणि अख्खी बस ऐकायची. आवाज असा की मागच्या सीटवर पेंगणारा माणूस दचकून उठावा. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, लेकी-जावई येतात, आणि मांडवात नाटक झाल्याशिवाय मंडई झाली असं कोणी मानत नाही. दिवाकर आधी गावच्या मंडळात हौसेनं काम करायचा, मग कंपन्या बोलवायला लागल्या. हंगाम होळीपर्यंत चालतो. रजा संपल्या, बिनपगारी झाल्या, शेवटी साहेबांनी सांगितलं की एक काय ते ठरव. त्यानं ठरवलं! मी त्याला क्वार्टरच्या पायरीवर बसवून चांगलाच फैलावर घेतला. अबे, सरकारी नोकरी आहे, पोरगी शाळेत आहे, डोकं फिरलं का तुझं, सगळं बोलून झालं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘तिथं मी दिवसभर चूप राहतो गा. मले बोलाचं हाये.’ पुढच्या महिन्यात क्वार्टर रिकामं करून ते दोघं पोरीला घेऊन पवनीला गेले. वहिनींनी शिवणकाम धरलं.

पहिली काही वर्षं तो बोलला, खरंच पोटभर बोलला. कधी नायक, कधी लेकीची पाठवणी करणारा बाप. त्याचं भाषण सुरू झालं की मांडवातल्या बाया पदर डोळ्यांना लावायच्या. मीही दोन-तीनदा रुमाल काढलाय, कबूल करायला लाज कसली! पण या झाडीपट्टीत नटावर जीव लावायची एक रीत आहे. माणूस आवडला की लोक त्याच्यासाठी खर्रा घोटतात. सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून हातानं चोळचोळून आणतात आणि पडद्यामागे येऊन म्हणतात, दादा, तुमच्यासाठी स्पेशल आणला. नाही म्हटलं तर नट मोठा झाला, माजला. फॅक्टरीत असताना या माणसानं पानसुद्धा खाल्लं नव्हतं. तिथं गेटवर झडती, आत काही नेता येत नसे. इथं रोज नवं गाव आणि रोज नवी पन्नी. वहिनी रागावल्या की म्हणायचा, लोकांचा मान हाये, फेकू कसा?

मग एका हंगामात त्यानं बापाची कामं सोडली आणि खलनायक मागून घेतला. आणि काय खलनायक! दातावर दात दाबून, ओठ जेमतेम हलवत, आवाज नाकातून घशातून कुठून तरी काढत तो बोलायचा. पब्लिक वेडं झालं. शिट्ट्या, टाळ्या, पोस्टरवर सगळ्यात मोठा फोटो त्याचा. पवनीच्या गल्लीत पोरं दात दाबून एकमेकांना धमकवायची. आमच्याकडे एकदा जेवायला आला, तेव्हा माझ्या बायकोनं त्याच्या आवडीचं झणझणीत मटण केलं होतं. त्यानं हात लावला नाही. भात वरणात चेचून, बोटानं ढकलत ढकलत जेवला. तिखट सोडलं म्हणाला. सगळी झाडी ज्याला त्याची स्टाइल म्हणत होती, ती स्टाइल नव्हती हो. खर्र्यानं जबडा आखडून त्या माणसाचं तोंडच उघडत नव्हतं. बापाचं लांब भाषण आता त्याच्या तोंडातून निघणारच नव्हतं, म्हणून त्यानं ते काम सोडलं होतं. हे तेव्हा फक्त वहिनींना माहीत होतं, आणि कोणाला सांगायचं नाही अशी त्यानं त्यांना शपथ घातली होती.

नागपूरच्या दवाखान्यात नेलं तेव्हा आत गाठ धरलेली होती. जबड्याचा एक भाग काढावा लागला. त्यानंतर दिवाकर बोलला नाही. मी जायचो, तो हातवारे करायचा, मला काही कळायचं नाही, मी उगाच मान हलवायचो. शेवटच्या भेटीत तो झोपल्यावर वहिनी मला अंगणात घेऊन आल्या. ‘नोकरीत राह्यले असते तर हे झालं नसतं, असं तुमच्या मनात हाये ना भाऊजी? माह्याही मनात हाये. रोज येते. पण ते काम करत तेव्हा मी समोर बसलेली राहो... तसा माणूस मले क्वार्टरात कधी दिसला नव्हता.’ मला अजूनही त्याच्या त्या निर्णयाचा राग येतो, आणि त्याची आठवण आली की तो पोटभर बोलणारा दिवाकरच येतो.

परवा पवनीजवळच्या एका गावच्या मंडईत नाटकाआधी त्याच्यासाठी वहिनींचा सत्कार ठेवला होता. मी सोबत गेलो. दिवस मावळत होता, रंगभूषा करायच्या खोलीत नट तयार होत होते. दिवाकरच्या जागी घेतलेला तिशीतला नट पुढे आला, गालातला खर्रा बाहेर जाऊन थुंकून आला आणि वहिनींच्या पाया पडला. काकांचीच स्टाइल ठेवली म्हणाला. आणि उभ्या उभ्या, दात दाबून, ओठ न हलवता, त्यानं दिवाकरची धमकी म्हणून दाखवली. हुबेहूब! खोलीतल्यांनी टाळ्या वाजवल्या.

‘तोंड उघड,’ वहिनी म्हणाल्या.

तो हसला.

‘उघड म्हटलं ना बाप्पा. पुरं उघड.’

त्यानं उघडलं. वहिनींनी त्याची हनुवटी धरली, चेहरा बल्बाकडे वळवला आणि कितीतरी वेळ आत पाहत राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘याचं उघडते अजून, भाऊजी,’ आणि तिथल्याच कपड्यांच्या पेटीवर बसून मोठ्यानं रडू लागल्या. दिवाकर गेला त्या दिवशीही त्या अशा रडल्या नव्हत्या. बाहेर माईकवर सत्कारासाठी त्यांचं नाव पुकारत होते. तो नट अजून तसाच उभा होता, तोंड उघडं ठेवून. आता मिट, असं त्याला सांगायचं कोणाला सुचलं नाही.