मानेवरचं माप

बायकोबरोबरची शेवटची खरेदी म्हणजे माझी जीन्स. निजामपुऱ्यातल्या दुकानात घेतली. तिथला पोरगा टेप वापरत न्हाय. पँटची कंबर गिऱ्हाइकाच्या मानेभोवती गुंडाळतो. टोकं भिडली की माप बरोबर.

"चाचा, स्किनी नको, पाय काड्या दिसतील. सरळ घ्या," तो मला म्हणाला.

बायको पोट धरून हसली.

ती गेल्यावर पँट सैल झाली, म्हणून कंबर कमी करायला त्याच्याकडंच नेली. पंख्याखाली टांगलेल्या जीन्स कुणी सावकाश चालत असल्यासारख्या हलत होत्या. त्यानं पँट मानेभोवती धरली. टोकं चार बोटं एकमेकांवर चढली.

"चाची कुठंय?"

"मेली."

त्यानं पँट घडी करून पिशवीत परत घातली. "कमी करणार न्हाय. आधी जेवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी भात किती टाकायचा कळेना. दोघांचा टाकला. सगळा खाल्ला.